मचूळ विहिरीच्या पाण्यासाठी आरओ यंत्र घ्यावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात समुद्रापासून सुमारे तीनशे मीटरवर आपले घर आहे. परसात चिऱ्याने बांधलेली जुनी विहीर आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत तिचे पाणी गोडे असते, पण मार्चपासून ते मचूळ होऊ लागते आणि मे महिन्यात चहासुद्धा फाटल्यासारखा लागतो. टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) दाखवणाऱ्या मीटरवर पावसाळ्यात १८० आणि मे महिन्यात १४०० असे आकडे आले. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. आरओ यंत्र विकायला आलेल्या माणसाने पाण्यात दोन दांड्या घालून ते काळपट-तपकिरी करून दाखवले आणि 'मिनरल परत घालणारे' महागातले यंत्र सुचवले. यंत्र घ्यावे का, त्याच्या पाण्याने हाडे ठिसूळ होतात का आणि वाया जाणाऱ्या पाण्याचे काय करायचे, असे आपण विचारले आहे.

गेली बावीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर मी ही यंत्रे बसवतो आणि दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून माझे मत आधी सांगतो. आपल्या विहिरीला आरओची गरज वर्षातून जेमतेम तीन-साडेतीन महिने आहे, तीही फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरती. उरलेल्या काळात त्याच विहिरीच्या पाण्याचा धोका वेगळा असतो आणि त्यावर आरओ हा उपाय नव्हे. म्हणून यंत्राच्या आधी विहिरीबद्दल लिहितो.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा आणि पुळणीची वाळू ते पाणी धरून ठेवत नाहीत. पावसाळा सरला की जमिनीतले गोडे पाणी उताराने खाडीकडे आणि समुद्राकडे झिरपत राहते. किनाऱ्यालगत हे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्याचे ठोकळ गणित भूजलशास्त्रात शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर जाडीचा गोडा थर तग धरतो. हे गणित स्थिर अवस्थेचे आहे. प्रत्यक्षात फरक सावकाश पडतो, पण दिशा तीच राहते. वरची पातळी अर्ध्या मीटरने खाली गेली, तर खालून खारे पाणी वर सरकायला २० मीटरची मुभा मिळते. आगराला शिंपण्यासाठी मोठी मोटार लावून दोन तास सलग उपसा करणे म्हणजे खाऱ्या पाण्याला वर बोलावणेच होय.

आपला १४०० हा आकडाही याच नजरेने पाहावा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. आपल्या विहिरीचे मूळ पाणी १८० धरले, तर १४०० व्हायला शंभर लिटरमागे जेमतेम साडेतीन लिटर समुद्र मिसळणे पुरेसे आहे. म्हणजे वाढलेला टीडीएस मुख्यतः मिठाचाच आहे. असे पाणी दिवसाला दोन लिटर प्यायल्यास त्यातून दोन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या अन्नातून मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. हे पाहता सासूबाईंच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे आणि त्यांच्या डॉक्टरांना विहिरीच्या पाण्याबद्दल अवश्य सांगावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत. आपले मे महिन्याचे पाणी या दोहोंच्या मध्ये बसते. चालवून घेता येते, पण रक्तदाब असलेल्या माणसाला ते रोज द्यावे असे मी म्हणणार नाही.

आता विहिरीसाठी काय करता येईल ते पाहू. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी खेचणाऱ्या नळीच्या टोकाची झडप, तळाशी असेल तर तो वर घ्यावा, पाण्याच्या पृष्ठभागाखाली हात-दीड हातावर राहील असा, कारण खारटपणा तळाकडे जास्त असतो. उपसा लहान मोटारीने, थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा विभागून करावा. पाणी आटले म्हणून मे महिन्यात विहीर खोल करण्याचा किंवा तळात बोअर मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये. चांगल्या विहिरी या एका चुकीने कायमच्या खाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्या घरांतल्या माणसांची हळहळही पाहिली आहे. पावसाळ्यात कौलांवरच्या पागोळ्या पन्हळीने एकत्र करून विहिरीपासून थोड्या अंतरावरच्या शोषखड्ड्यात सोडाव्यात. पन्नास चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यात दीड लाख लिटर पाणी पडते. त्यातले ऐंशी टक्के धरले तरी १,२०,००० लिटर जमिनीत मुरवता येतात. हे पाणी थेट विहिरीत मात्र सोडू नये, कारण छपरावरची पक्ष्यांची घाण त्याबरोबर आत जाते.

यंत्राचा खर्च करण्याआधी आणखी एक पर्याय आपण मोजून पाहावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला सुमारे २५ लिटर पाणी लागते. शंभर दिवसांचे २,५०० लिटर झाले. म्हणजे ३,००० लिटरची झाकणबंद, उजेड आत न जाणारी टाकी ऑक्टोबरमध्ये आपल्याच विहिरीच्या गोड्या पाण्याने भरून ठेवली, तर मार्च ते जून ती पुरते. टाकी आधी घासून धुवावी, पाण्यात क्लोरीन राखावे, तोटी तळापासून चार बोटे वर असावी आणि डासांसाठी वायुनळीला जाळी बांधावी. जुन्या घरांत आगोटीला जसा धान्या-मसाल्याचा साठा होतो, तसाच हा पाण्याचा साठा आहे. जागा असेल तर मी स्वतः आधी हाच मार्ग सुचवतो, कारण त्यात वीज लागत नाही आणि थेंबभर पाणीही वाया जात नाही.

जागा नसेल किंवा हे जमणार नसेल, तर आरओ हा योग्य मार्ग आहे, आणि तो कसा चालतो हे घरातल्या सगळ्यांना कळलेले बरे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात पाणी सुटते. फोडीच्या पेशींच्या पापुद्र्यातून पाणी मिठाकडे ओढले जाते आणि मीठ मात्र तितक्या सहजपणे आत जात नाही. आरओमध्ये याच्या उलट करतात. खाऱ्या पाण्यावर पंपाने दाब देऊन पाणी पापुद्र्यापलीकडे ढकलतात आणि क्षार अलीकडे राहतात. असा कामाचा पापुद्रा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. आजच्या घरगुती यंत्रातल्या या पापुद्र्यात, म्हणजे मेम्ब्रेनमध्ये, पॉलिअमाइड या प्लॅस्टिकचा अतिशय पातळ थर असतो. समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक ओढा थोपवायलाच वातावरणाच्या सुमारे २७ पट दाब लागतो, तर आपल्या १४०० टीडीएसच्या पाण्याला सुमारे एक पट पुरतो. घरगुती यंत्राचा पंप चार ते साडेपाच पट दाब देतो, म्हणून आपले पाणी त्याला झेपते. टीडीएस दोन-अडीच हजारांवर गेला की घरगुती यंत्राचे पाणी कमी पडू लागते आणि मेम्ब्रेनही लवकर थकते.

दाराशी आलेल्या त्या प्रयोगाबद्दल आता स्पष्ट लिहितो. दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचाच गंज पाण्यात साचतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसते. पुढच्या वेळी त्याच 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगावे. तेही तितकेच काळपट होईल. घाबरवून वस्तू विकण्याच्या या पद्धतीचा मला राग येतो, कारण जांभ्याच्या सड्यावर, समुद्रापासून दूर, ज्यांच्या विहिरीचा टीडीएस मुळात साठ-सत्तर असतो, अशा घरांतही ही यंत्रे याच प्रयोगाच्या जोरावर खपवली गेली आहेत. तिथले पाणी आधीच मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. आरओने ते आणखी आम्लधर्मी होते आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवल्यास धातू विरघळवते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, त्यामागचे एक कारण आरओमध्ये वाया जाणारे पाणी हे होते.

टीडीएस मीटरवरही प्रमाणाबाहेर विसंबू नये. तो पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतूंबद्दल तो काहीही सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी गुहागरकडच्या एका घरात पावसाळ्यात मुलांची पोटे सारखी बिघडत होती. यंत्राच्या पाण्याचा टीडीएस ९० येत होता, त्यामुळे यंत्रावर कोणाचा संशय नव्हता. मी झाकण उघडले तेव्हा जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्याची दोन्ही टोके काळी पडलेली दिसली. दिवा कित्येक महिने बंद होता. त्याच्या वरच्या बाजूला टीडीएस कंट्रोलरचा छोटा स्क्रू पूर्ण उघडा होता, म्हणजे मेम्ब्रेनला वळसा घालून विहिरीचे पाणी जसेच्या तसे पेल्यात उतरत होते. विहिरीपासून दहा पावलांवर शौचालयाचा खड्डा होता. जांभ्याच्या भेगांतून असे पाणी सहज वाहते. खड्डा आणि विहीर यांच्यात किमान १५ मीटर अंतर हवे आणि कातळाला भेगा असतील तर त्याहूनही अधिक. बसवणाऱ्याने तो स्क्रू 'मिनरल मिळावेत' म्हणून उघडला होता.

यातूनच आपल्या 'मिनरल परत घालणाऱ्या' यंत्राचे उत्तर मिळते. किनाऱ्यावरच्या विहिरीत कंट्रोलर उघडला की पाण्यात परत येते ते मुख्यतः मीठ, म्हणजे सासूबाईंसाठी जे काढायचे तेच. आपले १४०० टीडीएसचे पाणी चांगल्या मेम्ब्रेनमधून ११० च्या आसपास बाहेर येईल. तेवढे पुरेसे आहे, त्यामुळे कंट्रोलर पूर्ण बंद ठेवायला सांगावे किंवा तो नसलेले यंत्र घ्यावे. हाडांची काळजी पाण्यावर सोपवू नये. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. घरात भाकरी, दूध आणि काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी असेल, तर पाण्यातून गेलेल्या कॅल्शियमची भरपाई सहज होते. कॅल्शियमची कांडी बसवलेले यंत्र घेतले तर नुकसान नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

यंत्र निवडताना त्याच्या रंगरूपापेक्षा चार भाग पाहावेत: गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन फिल्टर, मेम्ब्रेन आणि पाणी पेल्यात येण्याआधी सगळ्यात शेवटी असलेला यूव्ही दिवा. मेम्ब्रेनची छिद्रे जंतूंहून पुष्कळ लहान असतात हे खरे, पण रबरी रिंग सैल झाली किंवा साठवण टाकीत शेवाळ धरले की जंतूंना वाट मिळते, म्हणून दिवा हवाच. कार्बन फिल्टर वेळेवर बदलणे फार महत्त्वाचे आहे, कारण क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतो. विहिरीत ब्लिचिंग पावडर घातल्यावर पाण्याला वास येत असेल, तर तो जाईपर्यंत यंत्र बंद ठेवावे. आपल्याकडच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळे काही विहिरींचे पाणी जडही असते. घेण्याआधी कठीणता आणि लोह हे दोन्ही तपासून घ्यावे. उपसताना स्वच्छ असलेले पाणी कळशीत रात्रभर ठेवल्यावर तांबूस झाले, तर लोह आहे असे समजावे आणि ते आधी काढावे, नाहीतर मेम्ब्रेन काही महिन्यांत बाद होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. नमुना एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस लागून पंधरा दिवस झाल्यावर, असा दोनदा द्यावा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी आणि नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावा.

वाया जाणाऱ्या पाण्याचे मोजमाप आपण घरी करू शकता. स्वयंपाकघरातले मापाचे भांडे आणि घड्याळ घ्यावे. यंत्र पाच मिनिटे चालल्यावर शुद्ध पाण्याची आणि टाकाऊ पाण्याची नळी एकेक मिनिट भांड्यात धरावी. समजा, शुद्ध पाणी १८० मिलिलिटर आले आणि टाकाऊ ४२०, तर ६०० पैकी १८० म्हणजे ३० टक्के पाणी हाती लागले. या हिशेबाने २० लिटर शुद्ध पाण्यासाठी सुमारे ४७ लिटर बाहेर जाते. मे महिन्यात हे पाणी अक्षरशः विहिरीच्या तळातून आलेले असते, म्हणून ते गटारात सोडणे मनाला पटत नाही. पण त्याचा टीडीएस आता १९५० च्या आसपास गेलेला असतो हे लक्षात ठेवावे. शौचालय, लादी पुसणे आणि पायपुसण्यांची धुलाई यांसाठी ते चालते. माडाला खारे पाणी बऱ्यापैकी सोसते, तिथे आलटून पालटून घालता येईल. पोफळी, केळी आणि नव्याने लावलेली आंब्याची कलमे यांना मात्र ते कधीही घालू नये. टाकाऊ पाणी कमी व्हावे म्हणून फ्लो रेस्ट्रिक्टर बदलून बाहेरची वाट आवळण्याचा उद्योग काही कारागीर करतात. त्याने थोडे दिवस बरे वाटते, मग मेम्ब्रेनवर चुना धरतो आणि ते निकामी होते. हीच मोजणी दर महिन्याला करून वहीत लिहून ठेवावी. शुद्ध पाण्याचा प्रवाह मंदावला की आधी गाळाचा फिल्टर पाहावा. शुद्ध पाण्याचा टीडीएस मूळ पाण्याच्या पंधरा टक्क्यांवर गेला की मेम्ब्रेन बदलण्याची वेळ झाली. 'वर्ष झाले म्हणून बदला' या सल्ल्यापेक्षा वहीतले आकडे खरे मानावेत.

मृगाचा पाऊस चांगला लागून टीडीएस ५०० च्या खाली आला की आरओचे काम संपले आणि विहिरीचे सुरू झाले. पहिल्या पावसाबरोबर आजूबाजूची घाण विहिरीत उतरते. विहिरीचा व्यास अडीच मीटर आणि पाणी तीन मीटर असेल, तर आत सुमारे १४,७०० लिटर पाणी आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात ७५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर लागेल. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडावी आणि वर-खाली हलवावी. हे संध्याकाळी करावे आणि पाणी सकाळी काढावे. ग्रामपंचायतीतील पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्यावी. चाचणीत पाणी पिवळसर झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. कारागिराकडून मेम्ब्रेनला वळसा देणारी चावी बसवून घेतली, तर निवळलेले पाणी कार्बन आणि यूव्हीमधून जाऊन पिता येते.

मेम्ब्रेन मधल्या काळात सुकू देऊ नये आणि शिळ्या पाण्यातही पडू देऊ नये. लिटरभर शुद्ध पाण्यात १० ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून त्यात भिजवलेले मेम्ब्रेन प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावे आणि सावलीत ठेवावे. हे काम कारागिरालाच करू द्यावे. खाऱ्या हवेने अडॅप्टरची टोके हिरवी पडतात, ती त्याच वेळी साफ करून घ्यावीत आणि विजांच्या दिवसांत यंत्राचा प्लग काढून ठेवावा. मार्चमध्ये मेम्ब्रेन परत बसवल्यावर पहिल्या तासाभराचे पाणी टाकून द्यावे. मार्चची तारीख मात्र कॅलेंडरवरून ठरवू नये. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर रविवारी, शक्यतो मोटार चालू करण्याआधी आणि अर्धा तास चालवल्यावर, असा दोनदा टीडीएस पाहावा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वाढलेला दिसला, तर त्या आठवड्यापासून उपसा कमी करावा. आकडा सलग दोन रविवार ५०० च्या वर राहिला की मगच यंत्र सुरू करावे.